मदत हवी आहे: एका पायावर उभा माणूस टॅबलेटवर तोल सोडतो

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची. रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर फिगर ड्रॉइंग, म्हणजे माणसांची चित्रं, करते. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आणि स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट. आधी ३० सेकंदांची जेश्चर (पोझचा ओघ पकडणारी झटपट रेखाटनं), मग २ मिनिटांची, शेवटी एखादी २० मिनिटांची पोझ. रविवारी कमाटीबागेत वही घेऊन बसते.

जेश्चर बरं येतं. त्यावर शरीर चढवायला घेतलं की पुतळा होतो, त्यातही एका पायावर भार देऊन उभी असलेली माणसं. भाराच्या बाजूचं कंबरेचं हाड वर, खांदा खाली, गळ्याचा खळगा त्याच पायाच्या घोट्यावर, हे सगळं पाठ आहे. ओळंबा धरून, चित्र आरशासारखं फिरवूनही बघते. तरी माणूस आता पडेल असंच वाटतं. गंमत म्हणजे वहीत पेन्सिलीने हे बरंच कमी होतं.

झूम न करता, एकाच जाड ब्रशने काढून पाहिलं. थोडाच फरक पडला. घरचे 'छान आहे' म्हणतात, फाइन आर्ट्सची ओळखीची मुलं 'काढत राहा'. दोन्हीचा उपयोग सारखाच! दिवसाचा लाइफ क्लास (समोरच्या जिवंत मॉडेलवरून चित्र काढायचा) जमणार नाही, स्क्रीनवाला टॅबलेट सध्या परवडणार नाही. रंगांचं रडगाणं नंतर कधीतरी.

तर या एका तासात रोज नव्या पोझ घ्याव्यात, की आठवडाभर एकच पोझ पुन्हापुन्हा काढावी? आणि इथे अभिप्रायासाठी फक्त पुरं झालेलं चित्र टाकू, की मूळ फोटो आणि खालचं जेश्चरही सोबत देऊ?