मायक्रोफोन हातात आल्यावरही पावारोत्ती टेनर उरले होते का?

पिटातला श्रोता

इटलीचे ऑपेरा-गायक लुचानो पावारोत्ती म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो पांढरा रुमाल हातात धरून मैदानात गाणारा दाढीवाला, अगडबंब गायक. त्यांचे थोरपण त्या मैदानात नव्हते, आणि १९९० नंतर त्यांनी तिथे जे केले त्याला टेनरचे, म्हणजे ऑपेरात (गाण्यातून उलगडणाऱ्या पाश्चात्य संगीतनाटकात) उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचे, काम म्हणणे मला जड जाते.

मोडेनातल्या एका बेकरी-कामगाराचा हा मुलगा २९ एप्रिल १९६१ रोजी रेज्जो एमिलिया येथे ‘ला बोएम’ या ऑपेरातला रोदोल्फो म्हणून रंगमंचावर आला. १९६५ मध्ये ऑपेरा-गायिका जोन सदरलँड यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाचा दौरा करताना तो त्यांच्या बरगड्यांखाली हात ठेवून, श्वास भरताना तिथले स्नायू कसे ताणले जातात हे चाचपून पाहत असे. त्या शिदोरीवर त्याने १७ फेब्रुवारी १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात संगीतकार दोनिझेत्तींच्या एकाच गाण्यात नऊ वेळा ‘हाय सी’ लावला आणि त्याला १७ वेळा पडद्यापुढे यावे लागले. हा सूर म्हणजे पांढरी एकला षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाचा अतितार षड्ज. आपला गवई गळ्याला सोसेल ती पट्टी घेतो; तिथे पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली, समोर भरगच्च वाद्यवृंद, सुमारे ३,८०० आसनांचे प्रेक्षागृह, आणि ध्वनिक्षेपक नाही. वाद्यवृंदाचा जोर खालच्या कंपनांत अधिक असतो, म्हणून कसलेला टेनर आपल्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपासची झळाळी वाढवतो आणि तेवढ्या फटीतून त्याचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. मायक्रोफोन आला की ती फट शोधण्याची गरजच उरत नाही.

रेडिओवेडी

श्रोतेबुवा, ७ जुलै १९९० रोजी रोममध्ये काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत झालेल्या कार्यक्रमाचे निमित्त तरी सांगायचे होते. टेनर होसे कारेरास रक्ताच्या कर्करोगातून उठून पुन्हा गाऊ लागले होते, त्यांच्या साथीला पावारोत्ती आणि तिसरे टेनर प्लासिदो दोमिंगो उभे राहिले, आणि वाद्यवृंदाचे संचालन आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता करत होते. दुसऱ्या दिवशी विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना होता, आणि बीबीसीने त्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाला पावारोत्तींच्याच आवाजातील पुच्चिनींच्या ऑपेरातले ‘नेस्सुन दोर्मा’ हे गाणे लावले होते. ऑपेराचे तिकीट ज्यांनी जन्मात काढले नसते, अशा लोकांनी ते गाणे गुणगुणले. त्यांतली एक मी. नागपुरात माझ्या मामाकडे त्या कार्यक्रमाची कॅसेट होती. फीत ताणली गेल्यामुळे शेवटचा सूर किंचित हेलकावे खात असे आणि तो तसाच असतो अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

दुसरे असे की, खुद्द पावारोत्तींना थोर टेनर भेटले ते कुठे? हौसेने चर्चमध्ये गाणाऱ्या त्यांच्या वडिलांनी घरी जमवलेल्या कारूसो, जील्यी, स्कीपा यांच्या तबकड्यांवर. यंत्राच्या कर्ण्यातून ऐकूनच हा मुलगा टेनर झाला, हे आपण विसरता.

काळी चार

दोघेही १९९० ही जणू लक्ष्मणरेषा असल्यासारखे बोलत आहात. शिकागोच्या लिरिक ऑपेराने १९८९ मध्येच पावारोत्तींशी संबंध तोडले होते, कारण आठ वर्षांत ठरलेल्या ४१ प्रयोगांपैकी २६ त्यांनी रद्द केले होते. पुढे १९९२ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात, रिकार्दो मुती यांच्या संचालनाखालील ‘दोन कार्लो’च्या प्रयोगात, त्यांचा सूर फाटला आणि वरच्या गॅलरीने त्यांची हुर्यो उडवली. त्या संध्याकाळी मायक्रोफोन कुठे होता? उतरण लागली होती ती ऑपेरागृहातच, आणि मैदान हा तिचा आडोसा होता. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या माणसाला ऐनवेळी दुसऱ्याच गायकावर समाधान मानायला लावणे, हे आमच्या गावच्या जत्रेतही खपत नाही.

पिटातला श्रोता

तबकड्यांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मान्य करतो. तरीही कर्ण्यापुढे गाणाऱ्या कारूसोला यंत्रापर्यंत स्वतःचाच जोर न्यावा लागत होता. मैदानात तो जोर वीज पुरवते. काळी चार यांच्या आडोशाच्या मुद्द्याने माझ्या म्हणण्याला उलट बळच मिळते. आणि शेवट कसा झाला ते पाहा. १० फेब्रुवारी २००६ रोजी तुरिनच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात पावारोत्ती ‘नेस्सुन दोर्मा’ गायले असे जगाने पाहिले. प्रत्यक्षात आवाज आधी मुद्रित केलेला होता, आणि हे नंतर त्या वेळी संचालन करणारे लेओने माजेरा यांनीच लिहिले. ज्या गायकाला १९७२ मध्ये नुसता गळा पुरत होता, त्याच्याकडे अखेरीस नुसते ओठ हलवायचे उरले.

रेडिओवेडी

हे आपण जरा निष्ठुरपणे लिहिले आहे. फेब्रुवारीतल्या रात्रीची उघड्यावरची थंडी, सत्तरी गाठलेले शरीर आणि दुखणे, यांमुळे तसे करावे लागल्याचेही माजेरा यांनीच सांगितले आहे. त्याच वर्षी पावारोत्तींना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि ६ सप्टेंबर २००७ रोजी मोडेनातच ते गेले. आणि तुरिनला ऐकू आलेला तो आवाज उसना आणलेला नव्हता. सत्तराव्या वर्षी त्यांनी स्वतःच्याच गळ्यातून काढलेला होता. आपण तो एकदा डोळे मिटून ऐका, आणि मग सांगा.