३८१६५४७२९ ही संख्या हातानं कशी काढायची?

धरमपेठची_मावशी:
भाचीच्या ट्यूशनच्या सरांनी कोडं देलं आहे. १ ते ९ आकडे एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या बनवायची, अशी की पहिल्या दोन अंकांना २ नं भाग गेला पाहिजे, पहिल्या तिनांना ३ नं, चारांना ४ नं, असं करत पूर्ण संख्येला ९ नं. नेटवर ३८१६५४७२९ सापडली, भागून पाह्यलं तर बरोबरच येऊन राहिलं, ३८१६५४७ भागिले ७ म्हणजे ५४५२२१. पण सर म्हणतात रीत दाखवा. आता ३,६२,८८० जुळण्या कोण करत बसणार?

बर्डी_बॉय:
काहून डोकं लावता ताई, पायथॉनमध्ये चार ओळींचा लूप टाका. उत्तर एकच निघते.

तर्रीवाले_काका:
लूपनं उत्तर भेटते बाप्पा, रीत नाही. ताई, पाचवा अंक ५ च, शून्य तर नाहीच आपल्याजवळ. २, ४, ६, ८ या जागी सम अंक, म्हणजे चारही सम तिथंच खपले अन् बाकी जागी विषम. तिसरा विषम असला की ४ नं भाग जायला चौथा २ नाहीतर ६ च लागते (१४, १८ चालत नाही, १२, १६ चालते), आठव्याचंही तसंच. पहिल्या तिनांना अन् पहिल्या सहांना ३ नं भाग जाते, म्हणून मधल्या तिघांची बेरीजही ३ च्या पटीत पाहिजे, तिथं २५८ किंवा ६५४ एवढंच बसते. झाले दोन साचे: _४_२५८_६_ अन् _८_६५४_२_. आता ८ ची कसोटी लावा, पहिल्यात सातवा-आठवा मिळून १६ किंवा ९६, दुसऱ्यात ३२ किंवा ७२. मग पहिल्या तिनांची बेरीज ३ च्या पटीत पाहा, फक्त १० संख्या उरतात. त्यांचे पहिले सात अंक ७ नं भागायचे, बस, एकच टिकते. ९ चं टेन्शन नाही, १ ते ९ ची बेरीज ४५, कशीही मांडा, भाग जातोच.

धरमपेठची_मावशी:
भारी! त्या दहात ९८७६५४३२१ पण आहे की! भाचीनं लगेच करून पाह्यलं, सगळीकडं भाग गेला अन् ७ वर येऊन अडकली, बाकी ५. किती चिडली ती.

बर्डी_बॉय:
आकडे रिपीट करायची अन् ० वापरायची सूट देली तर ही गाडी अजून पुढं जाते. १० अंकांपर्यंत अडचण नाही, शेवटी ० ते ९ पैकी काही ना काही जुळतेच. पण १९ व्या अंकाला बाक्या एकोणीस शक्य अन् आपल्याजवळ अंक दहाच, मग रस्ते बंद होत जातात. सगळ्यात लांब २५ अंकी आहे, ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५, तेवढी एकच. २६ वा अंक लावून पाहा, एकही बसत नाही.