रक्त दिलं त्याच दिवशी परत भट्टीवर उभं राहायचं का?

फौंड्रीवाला, उद्यमबाग

मागच्या महिन्यात आमच्या बेळगावातल्या लोखंड ओतायच्या कारखान्याच्या शेडमध्येच रक्तदान शिबिर झालं. चौदा जणांनी रक्त दिलं, चहा-बिस्किट झालं, साहेबांबरोबर फोटो झाला आणि भोंगा वाजल्यावर सगळे परत आपापल्या जागी. माझ्या शेजारचा पोरगा ३५० मिली देऊन थेट भट्टीपुढं. चार वाजता ओतकाम सुरू असताना त्याला भोवळ आली. नशीब, तो तेव्हा साचे सरकवत होता. हातात वितळलेल्या लोखंडाचं लॅडल असतं तर काय झालं असतं ते लिहवत नाही.

आमच्यात युनियन नाही. सात-आठ जणांनी मिळून साधा अर्ज दिला : रक्त द्यायच्या दिवशी पगारी सुट्टी, वर्षातून फार तर चार वेळा. हा चारचा आकडा हवेतला नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २०१७ च्या अखेरीस निघालेल्या आदेशानं एवढीच विशेष नैमित्तिक रजा मिळते. फक्त त्या दिवसापुरती, आणि परवाना असलेल्या रक्तपेढीचा दाखला लावावा लागतो. इटलीत तर १९६७ पासून त्यासाठी कायदाच आहे.

अर्ज परत आला. वर शेरा : ‘दान आहे तर सुट्टी कशाला?’ तुमचं मत सांगा.

मच्छेचा छोटा मालक

मालकाच्या बाजूनं इथं कोण बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो. माझ्याकडे बावीस माणसं. त्यातली चार एकदम गेली की त्या दिवसाची हीट, म्हणजे लोखंडाची एक वितळण, बोंबलली, आणि पुण्याचा ट्रक काय माझ्यासाठी थांबत नाही. आधीच सौंदत्तीची जत्रा, पेरणी, लग्नं, गणपती. सुट्ट्यांची कमी आहे असं मला तरी कधी वाटलं नाही. कायद्यात वीस दिवस कामामागं एक दिवस पगारी रजा आहेच की, त्यातली घ्या.

मी स्वतः सकाळी रक्त देऊन दुपारी चोर्ल्यातून गाडी चालवत पणजीला गेलोय. काही झालं नाही.

टपालखात्यातला

मालक, तुम्ही एसी गाडीतनं गेला. तो पोरगा वितळलेल्या लोखंडापुढं उभा होता.

मी केंद्र सरकारची ती रक्तदानाची रजा घेतो. पहिल्यांदा रक्त दिलं ते सुट्टीच्याच लोभानं, लाज कशाला वाटून घेऊ? आता रजा शिल्लक नसली तरी देतो. गंमत बघा, खुर्चीवर बसून शिक्के मारणाऱ्या मला अख्खा दिवस मिळतो.

रक्तपेढीतली ताई

माझं मत बहुतेकांना रुचणार नाही. मी अख्ख्या दिवसाच्या पगारी सुट्टीच्या विरोधात आहे.

कारण मालकांचं नाही, माझं वेगळं आहे. आम्ही रक्त घ्यायच्या आधी फॉर्म भरून घेतो. कावीळ झाली होती का, कुठली औषधं चालू आहेत, नुकतं गोंदवून घेतलंय का. त्या उत्तरांवर आमची अर्धी सुरक्षितता उभी असते. पुढं एचआयव्ही, कावीळ ‘बी’ आणि ‘सी’, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या होतातच. पण संसर्ग अगदी ताजा असला तर पहिले काही आठवडे तो तपासणीत सापडत नाही. तिथं दात्याचा खरेपणाच कामाला येतो. दाखल्यावर एक दिवसाचा पगार लटकवला की खोटं बोलायला कारण मिळतं. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणारे होतेच ना? सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये निकाल दिला आणि १९९८ पासून तो धंदा बंद झाला.

रेडक्रॉस संघटनांनी १९९१ मध्ये स्वीकारलेली ऐच्छिक दात्याची व्याख्या आहे. तिच्यात पैशाबरोबर कामावरची सुट्टीही मोबदल्यात धरली आहे. सूट एवढीच, की रक्त द्यायला आणि जायला-यायला रास्तपणे जेवढा वेळ लागेल तेवढा चालतो. म्हणजे दोन-तीन तास द्या. दिवस नको.

फौंड्रीवाला, उद्यमबाग

ताई, व्याख्या मला ठाऊक नव्हती. पण त्यातला ‘रास्तपणे’ हाच शब्द घ्या. ओतकाम करणाऱ्याला रास्त वेळ किती? रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, लाल पेशींना आठवडे लागतात. तुम्हीच शिबिरात सांगता ना, आज जड काम करू नका, भरपूर पाणी प्या? मग तो दिवस आम्ही कुठं काढायचा?

आणि इटलीत हे मोजलं गेलंय. ज्यांना पगारी सुट्टी मिळते ते वर्षाला सरासरी एक वेळ जास्त रक्त देतात.

रक्तपेढीतली ताई

इटलीत नियमित येणारे दाते आहेत, त्यांचा इतिहास रक्तपेढीला ठाऊक असतो. इथं निम्मे चेहरे मी पहिल्यांदाच बघते. पण जड कामाचं तुमचं म्हणणं मान्य. तसा फरक करा. भट्टी, उंचावरचं काम, अवजड गाडी यांना दिवस आणि बाकीच्यांना दोन तास. मग माझा विरोध उरत नाही, काळजी उरते.

शहापूरचा विणकर

तुम्ही सगळे पगारावर भांडायलाय. आमच्याकडं पगारच नाही. साडी उतरली की पैसे, नाही उतरली तर घरी भात-आमटी. शहापूर, वडगाव, खासबागेत माग चालवणारे किती जण आहेत, त्यांना पगारी सुट्टी कोण देणार आणि कशाची? शिवजयंतीला मंडळाचं शिबिर असतं तिथं मी दरवर्षी देतो. दुसऱ्या दिवशी कमी विणून होतं, ते माझ्या खिशातनं. कुठं अर्ज केला नाही.

मच्छेचा छोटा मालक

हे बघा, याला दान म्हणतात.

शहापूरचा विणकर

मालक, मला दाखवून त्या पोराला गप्प करू नका हं. मला मिळत नाही म्हणून त्यालाही मिळू नये असं मी कुठं म्हटलं?

निपाणीची लेक

आई तीस वर्षं घरात बसून विड्या वळते. हजार विड्यांमागं मजुरी. गेल्या वर्षी गल्लीत शिबिर होतं, हौसेनं गेली. हिमोग्लोबिन १२.५ लागतं, तिचं त्याच्या बरंच खाली. परत पाठवली. अर्धा दिवस बुडाला, वर ‘तुमच्यात रक्तच नाही’ असं कुणीतरी हसत म्हणालं. या सुट्टीच्या नियमात अशा बाईला काय? ती गेली होती हे खरं की नाही?

खानापूरचा बाप

माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी बेळगावला घेऊन यावं लागतं, तिला रक्त चढवलं की पोर पुन्हा खेळायला लागते. हे जन्मभर असंच चालायचं.

तुमच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. मला रक्त सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळतं. गणपती, मग १ ऑक्टोबरचा रक्तदान दिन, सगळीकडे शिबिरं. ताई सांगतील, लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. ऑक्टोबरचं रक्त मे महिन्यात कसं पुरणार? मेमध्ये कॉलेजं बंद, उन्हाचा तडाखा, सगळे गावाला. तेव्हा मी फोन फिरवत बसतो. सुट्टी द्यायचीच असेल तर शिबिराच्या दिवशी देऊ नका. जेव्हा रक्तपेढी बोलावते तेव्हा द्या. एका वेळी एक-दोन माणसं, चौदा नव्हेत.

मच्छेचा छोटा मालक

हे मला जमतं. खरंच. चार माणसं एकदम गेली तर माझी हीट जाते, महिन्याला दोन गेली तर मी पाळी बदलून भागवतो. दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, तेव्हा एका माणसाची पाळी तशी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच येणार. बायकांना १२० दिवस, बरोबर ना ताई? माझ्याकडे पॅकिंगला सहा जणी आहेत.

पण पूर्ण दिवस फक्त भट्टीवाल्यांना. आणि निपाणीच्या ताईंसाठी : ज्याला परत पाठवलं त्याचा गेलेला वेळ मी कापणार नाही, तेवढं तरी.

रक्तपेढीतली ताई

बरोबर, १२० दिवस. नावं, रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख अशी यादी द्या. आणि दाखला मी ‘रक्त दिलं’ असा लिहिणार नाही, ‘हजर होते’ असा लिहीन. मग कुणाला काही लपवायचं कारण पडणार नाही.

फौंड्रीवाला, उद्यमबाग

आमच्या साहेबांना हा धागा दाखवू का, असा विचार करतोय. नाव कळलं तर पाळी रात्रीची लागेल.

शहापूरचा विणकर

दाखव. नाहीतर मच्छेला नोकरी बघ.

ताई, मी रविवारी येतो. शिवजयंतीला अजून वेळ आहे.

रक्तपेढीतली ताई

या. उपाशीपोटी येऊ नका, आणि आदल्या रात्री माग चालवत जागू नका.