जुनी हार्ड डिस्क एक्स्टर्नल म्हणून वापरायची आहे – मदत हवी आहे

जुन्या डेस्कटॉपमधून काढलेल्या दोन हार्ड डिस्क पडून आहेत. एक ३.५ इंची साटा (नंतरच्या प्रकारची जोडणी), दुसरी ४० पिनांची आयडीई (त्याआधीची, जुनी जोडणी).

साटासाठी केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीला जोडायचा डबा) घ्यावं म्हणतोय. तिला १२ व्होल्ट लागतात, साध्या यूएसबीतून ५च मिळतात, म्हणजे वेगळा अ‍ॅडॉप्टर आलाच. बंद केसिंगमध्ये फार तापते का, की उघडा डॉक (डिस्क नुसती खोचायचा स्टँड) बरा? स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब ठरवून बदललेले भाग) शून्य आहेत, पण थोडे पेंडिंग (नीट वाचता न आलेले, अजून खराब न ठरवलेले) दिसतात. फुल फॉरमॅट मारून ते गेले, तर भरवसा ठेवायचा का? (फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर ठेवणार नाहीच, सिनेमे-गाणी तेवढी.)

आयडीईचं मात्र कळेना. यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर लावला की फिरल्याचा आवाज येतो, पण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतच नाही. मागचा जंपर (केबलवर डिस्क पहिली म्हणजे मास्टर की दुसरी म्हणजे स्लेव्ह, हे ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) स्लेव्हवर आहे, मास्टरवर करून बघू का?