आजचं वजन नाही, उतरलेलं वजन बघा

एकांनी विचारलंय की भाचीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २१ म्हणजे नॉर्मल आहे, मग तिला ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार) कसा? ७८ किलोची मुलगी आठ महिन्यांत ५६ वर आली तर तक्त्यात ती 'नॉर्मल'च दिसते, पण पाव हिश्शाहून जास्त वजन गेलेलं असतं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) याला एटिपिकल ॲनोरेक्सिया म्हटलंय. नाडी मंदावणं, रक्तातलं फॉस्फेट (एक क्षार) घसरणं यांचा संबंध आजच्या आकड्यापेक्षा वजन किती आणि किती झपाट्याने उतरलं याच्याशी जास्त.

तेव्हा केईएम असो की दादरचं खासगी क्लिनिक, जाताना शाळेची आरोग्यपत्रिका, बालरोगतज्ज्ञांची जुनी फाइल न्या. वय, उंची, वजन असं एका कागदावर मांडा, सर्वांत जास्त वजन कधी होतं ते आणि पाळी कधी चुकली तेही लिहा. आडवं आणि उभं करून नाडी-बीपी, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम मागा. दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल तर थांबू नका. रिपोर्ट चांगले आले म्हणजे आजार नाही, असं मात्र नव्हे.

लक्ष्यवजन तिच्या स्वतःच्या वाढीच्या रेषेवरून, म्हणजे लहानपणापासूनच्या उंची-वजनाच्या नोंदींवरून ठरवावं. तक्त्याच्या खालच्या टोकाला थांबवलं की बऱ्याचदा पाळी येत नाही, डोक्यातून खाण्याचे विचार जात नाहीत आणि सगळे म्हणतात, उपचार फसला.

बुलिमियातही (भरमसाट खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढण्याचा आजार) जुनं वजन विचाराच. उपचारात वजन थोडं वाढू शकतं. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट मध्येच सोडून जातो.

आणि हो, बरीच उपाशी राहिलेल्या मुलीला घरच्या घरी एकदम ताट भरून वाढू नका. खाणं एकदम वाढलं की रक्तातलं फॉस्फेट पहिल्या काही दिवसांतच कोसळू शकतं.