मडगार्ड एवढं उंच काऊन?

(मनीषनगरातल्या एका सोसायटीचा ग्रुप, एप्रिल २०२५)

शनिवार, रात्री ९ नंतर

रोहित बी-३०४: आली आली आली! केटीएमची ३९० एंड्युरो आर बाइक लाँच झाली. एक्स-शोरूम ३ लाख ३७ हजार. ३९९ सीसी, ४६ पीएस ताकद, पुढे २१ इंची चाक. शोरूमवाला म्हणाला, नागपूरला डेमो गाडी आठवडाभरात येते. आज काही झोप नाही.

निखिल डी-१०३: फोटो टाक न बे. नुसता कल्ला करून राहिला.

रोहित बी-३०४: (फोटो)

निखिल डी-१०३: एक नंबर! हे तं सायकलीवर इंजिन बसवल्यासारखं दिसते. एकही डबा नाही अंगावर.

मंगलाकाकू ए-२०१: छान आहे हो गाडी. इंदोरची आहे का?

रोहित बी-३०४: इंदोर नाही काकू, एंड्युरो. कंपनी ऑस्ट्रियाची, पण गाडी बनते चाकणला.

मंगलाकाकू ए-२०१: अच्छा. चाकणला माझी भाची दिली आहे.

सेक्रेटरी काका: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. कूलरच्या पाण्याची नोटीस उद्या बोर्डवर लागेल. रोहित, या गाडीचं पुढचं मडगार्ड चाकाच्या हातभर वर दिसतं. चिखल सगळा पार्किंगमध्ये उडणार का?

रोहित बी-३०४: काका, तो लूक असतो. ऑफ-रोड गाड्यांची स्टाइल.

बोंद्रे काका ए-१०२: स्टाइल नोहे बाबू. चूक सांगून राहिला तू.

बोंद्रे काका ए-१०२: आता टाइप करतो, थांबा. बोट मोठं आहे माझं.

सुनीलभाऊ सी-४०२: तोवर मी हिशोब सांगतो. ३५० सीसीच्या वर गेलं की २८ टक्के जीएसटीवर ३ टक्के सेस लागते. आरटीओ, इन्शुरन्स धरून चारच्या आसपास जाईल. तेवढ्यात हीरोच्या दोन एक्सपल्स २१० बाइक येतात. एक स्वतःला, एक सासऱ्याला.

निखिल डी-१०३: आधी सासरा पाहा त्याला.

रोहितची आई: रोहित, चार लाख कोणाचे?

निखिल डी-१०३: खल्लास.

रोहित बी-३०४: आई, ईएमआय आहे. आपण घरी बोलू न.

रोहितची आई: घरी तू मोबाइलमध्ये असतोस. म्हणून इथे विचारते.

बोंद्रे काका ए-१०२: सांगतो मडगार्डचं. १९८४ साली मी वीज मंडळात लागलो, पहिली पोस्टिंग गडचिरोली. जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती. मले राजदूत १७५ दिली. टू-स्ट्रोक, धूर सोडत जाणारी. पावसाळ्यात फ्यूज गेला म्हणून फोन आला की निघा. काळ्या मातीतून शंभर पावलं गेलं की चाकाले माती चिकटे, ती मडगार्डात जाऊन बसे, वरून आणखी माती, आणि चाक जाम. फिरतच नाही. ब्रेक लावल्यासारखी गाडी उभी. मंग उतरा, बाभळीची काडी तोडा, खरवडून काढा. पुन्हा शंभर पावलं.

बोंद्रे काका ए-१०२: एका पावसाळ्यात वैतागून पुढचं मडगार्डच खोलून क्वार्टरवर ठेवलं. चिखल मंग सगळा तोंडावर. डोळे तेवढे दिसत माझे. पण पोचत होतो. तुझ्या गाडीत ती माती अडकू नये म्हणून मधे जागा सोडली आहे. लूक नोहे तो.

पूजाताई सी-२०१: काका, दंडवत! मी तीन वर्षं एक्सपल्स चालवते, पण हे इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी काका: म्हणजे चिखल उडणारच.

निखिल डी-१०३: हाहाहा. सेक्रेटरी काकांचा पॉइंट कायम आहे.

रोहित बी-३०४: पूजाताई, तू सांग. घेऊ न?

पूजाताई सी-२०१: तुझी उंची किती?

रोहित बी-३०४: ५ फूट ६.

पूजाताई सी-२०१: सीट ८६० मिमी आहे. माझ्या एक्सपल्स २०० फोर-व्हीची ८२५, तरी सिग्नलला माझा एकच पाय टेकतो. तुझे दोन्ही पायांचे अंगठे लागतील, टाचा नाही. रस्त्यावर चालून जातं. मातीत गाडी जरा कलली की पाय शोधायला जमीन सापडत नाही, आणि ही १७७ किलोची आहे. रोज चार-दोन माणसं गुडघा घेऊन येतात माझ्या क्लिनिकला, त्यातली निम्मी उभ्या गाडीवरून पडलेली असतात.

रोहित बी-३०४: बाहेरच्या देशात हिचं सस्पेन्शन पुढे-मागे २३० मिमी दबतं. आपल्याला पुढे २०० आणि मागे २०५. इथेही आपल्यालाच कमी.

पूजाताई सी-२०१: अरे, त्या गाडीची सीट ८९० आहे. तुला स्टूल लागलं असतं. आपल्यासाठी कमी केलं ते बरंच केलं. जमिनीपासून अजूनही २५३ मिमी वर आहे, कोणताही बांध ओलांडेल.

सुनीलभाऊ सी-४०२: पण ती कंपनी बुडाली न? नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियात कोर्टात गेली होती. उद्या स्पेअर नाही मिळाले तं चार लाखांचा शोपीस.

रोहित बी-३०४: बुडाली नाही भाऊ. फेब्रुवारीत ज्यांचे पैसे अडकले होते त्यांनी ३० टक्क्यांवर तडजोड मान्य केली. आणि बजाजचा मोठा पैसा आहे त्यात.

सुनीलभाऊ सी-४०२: रुपयाचे तीस पैसे घेऊन लोक उठले, याला तू चांगली बातमी म्हणतो. तुझ्यासारखा क्लायंट पाहिजे मला. तरी गाडी आणि पार्ट चाकणलाच बनतात म्हणतोस, तेवढं ठीक आहे.

मंगलाकाकू ए-२०१: कुणाला ज्वारीचे पापड पाहिजेत का? उन्हाचे दिवस आहेत तोवर करून घेते. एंड्युरो म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही.

पूजाताई सी-२०१: काकू, पाव किलो माझे. एंड्युरो म्हणजे टिकून राहणं. नुसती स्पीडची शर्यत नसते. १९१३ साली इंग्लंडात कार्लाइलला सहा दिवसांची मोटरसायकल स्पर्धा सुरू झाली, तिलाच आता सिक्स डेज एंड्युरो म्हणतात. जंगल, दगड, नाले, सगळं पार करून ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या नाक्यावर हजर व्हायचं. गाडी बिघडली तर आपणच दुरुस्त करायची, मेकॅनिकने हात लावायचा नाही.

बोंद्रे काका ए-१०२: म्हणजे आमची ड्युटीच की. फक्त आम्हाले मेडल नव्हतं, टीए बिल होतं. तेही सहा महिन्यांनी.

रोहित बी-३०४: आपल्या हारिथ नोहाने २०२४ च्या डकार रॅलीत, वाळवंटातल्या त्या मोठ्या शर्यतीत, रॅली-२ गट जिंकला. एकूणात ११ वा आला. भारताचा पोट्टा!

रोहितची आई: तो केरळचा. तू मनीषनगरचा. परवा जिन्यावरून घसरलास.

पूजाताई सी-२०१: काकू, बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्सेसुद्धा आहे. २०१९ मध्ये बाहा या ऑफ-रोड रॅलींच्या वर्ल्ड कपचा महिलांचा गट जिंकली.

रोहितची आई: पूजा, तू तरी त्याच्या बाजूने बोलू नको ग.

पूजाताई सी-२०१: त्याच्या बाजूने नाही काकू, गाडीच्या बाजूने बोलते. याने आधी माझ्या गाडीवर पडून घ्यावं. माझी अशीही घासलेलीच आहे. ४६ पीएस ओल्या मातीत एकदम सुटले की मागचं चाक पुढे येऊन विचारते, कुठं चालले साहेब?

बोंद्रे काका ए-१०२: किक आहे का हिले?

रोहित बी-३०४: नाही काका, बटण आहे. फ्यूल इंजेक्शन.

बोंद्रे काका ए-१०२: बॅटरी बसली तं?

रोहित बी-३०४: मग... फोन करायचा.

बोंद्रे काका ए-१०२: एटापल्लीच्या नाल्यात माझी राजदूत बंद पडली होती, पाणी इंजिनात. प्लग खोलला आणि किक मारली, तं भोकातून पिचकारीसारखं पाणी उडालं माझ्या सदऱ्यावर. वीस-पंचवीस किका मारल्या. प्लग फुंकला, पुसला, लावला. झाली चालू. तू फोन कोणाले लावशील रे त्या नाल्यातून?

रोहित बी-३०४: काका, पुढच्या रविवारी तुम्ही चलाच शोरूमला.

सेक्रेटरी काका: ११ वाजले. ग्रुप बंद करतो.

पुढचा रविवार, दुपारी

निखिल डी-१०३: रिपोर्ट द्या रे कोणी. मीच देतो. आम्ही चौघे शोरूमला. रोहित गाडीवर बसला आणि चेहरा असा, जसा पोळ्याला नंदीवर बसवलेला लहान पोट्टा. पाय हलून राहिले, जमीन खाली.

रोहित बी-३०४: अंगठे टेकले माझे. नीट सांग.

निखिल डी-१०३: एका बाजूचा. आणि टेस्ट राइड किती, तं डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर, मागे शोरूमचा माणूस स्कूटीवर. एंड्युरो गाडी पाहायला गेलो आणि उड्डाणपूल पाहून आलो.

रोहित बी-३०४: पण काय ओढते बे! तिसऱ्या गिअरमध्ये नुसता मनगटाचा विचार केला तरी पुढे. स्पीडब्रेकरवर उभा राहिलो फूटपेगवर, खाली काही झालं हेच कळलं नाही.

मंगलाकाकू ए-२०१: बोंद्रे भाऊजींना आवडली का?

पूजाताई सी-२०१: काकू, ते पाहायला पाहिजे होतं तुम्ही. सगळे पोट्टे मीटर आणि सायलेन्सरचे फोटो काढत होते. काका सरळ पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले, चष्मा वर केला, टायर आणि मडगार्डच्या मधे हात घातला आणि बोटं ताणून मोजलं. शोरूमचा माणूस म्हणाला, काका काही पाहिजे का? काका म्हणाले, आख्खी वीत बसली. मग पाचेक मिनिटं तिथेच.

बोंद्रे काका ए-१०२: वीत आणि वर दोन बोटं. चांगलं काम केलं आहे. आरेही पाहिले, तारांचं चाक आहे. मार लागला तं तार थोडी दबते, वाकडी झाली तं कसता येते. पण मधे ट्यूब आहे.

सुनीलभाऊ सी-४०२: आता ट्यूबचं काय?

बोंद्रे काका ए-१०२: आपल्या इकडे बाभूळ आहे. एवढंच सांगतो.

निखिल डी-१०३: काकांनी हे सांगितलं साडेदहाला. बरोबर साडेअकराला, हिंगण्याच्या पुढे माझ्या मामाच्या वावरात, पूजाताईच्या गाडीचं मागचं चाक बसलं. काटा पाहाल तं खिळा वाटेल.

रोहितची आई: वावरात?? तुम्ही शोरूमला गेले होते न?

रोहित बी-३०४: आई, सांगणारच होतो.

पूजाताई सी-२०१: काकू, मीच नेलं. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, बूट सगळं होतं. मामांना विचारून, त्यांच्याच धुऱ्यावर. हे पोट्टे गोरेवाड्याच्या मागे जाऊ म्हणत होते, मी साफ नाही म्हटलं. ती वनविभागाची जागा आहे, गाडी आत घातली तर गुन्हा दाखल होतो, आणि व्हायलाच पाहिजे. बिबट्याला कशाला आपली डर्टबाइक.

रोहितची आई: पडला का?

निखिल डी-१०३: तीनदा. दोनदा ढेकळांत, एकदा संत्र्याच्या बागेत. मोटर सुरू होती, पाटाचं पाणी फुटलं होतं. साहेबांनी ते पाहिलं, ब्रेक सोडून एक्सलेटर दिला आणि बसले चिखलात. कोपर खरचटलं फक्त.

रोहित बी-३०४: पहिल्यांदा पडलो तेव्हा खाली पाहत होतो. ताई म्हणाली, नजर वीस फूट पुढे ठेव, गुडघ्यांनी टाकी धर, हात ढिले सोड. चौथ्यांदा त्याच पाटातून निघालो. मागचं चाक नाचलं, पण निघालो! व्हिडिओ आहे.

बोंद्रे काका ए-१०२: चौथ्यांदा बरोबर गेला. उभा राहून गेला. मी झाडाखालून पाहिलं.

सुनीलभाऊ सी-४०२: मग बुकिंग?

रोहित बी-३०४: नाही केलं.

निखिल डी-१०३: काय??

रोहित बी-३०४: ताईची गाडी उचलतानाच कमरेला रग लागली. तिसऱ्यांदा दोघांनी उचलली. ही त्याहून जड आणि उंच. दिवाळीपर्यंत ताईच्या गाडीवर शिकतो, पेट्रोल माझं. तोवर डाउन पेमेंटही जमेल. घेणार हीच. हे लिहून ठेवा.

रोहितची आई: पूजा, जेवायला ये संध्याकाळी. पाटोडीचा रस्सा करते.

सेक्रेटरी काका: जेवणाचं नंतर ठरवा. पार्किंग नं. १४ मध्ये सी-२०१ ची दुचाकी चिखलाने पूर्ण भरलेली उभी आहे. वॉचमन सांगतो, बी-३०४ चा मुलगा पाइप शोधत होता. नोटीस वाचली असेलच. वरच्या मजल्यांवर कूलरला पाणी चढत नाही आणि खाली गाड्या धुणं चालणार नाही. मे महिना यायचाच आहे.

रोहित बी-३०४: काका, दोन बादल्या फक्त.

सेक्रेटरी काका: दोन बादल्यांत एक कूलर रात्रभर चालतो.

मंगलाकाकू ए-२०१: हे मात्र खरं आहे हो. काल माझा कूलर तीन वाजता गरम हवा फेकत होता.

बोंद्रे काका ए-१०२: पाण्याची गरज नाही. ओल्या काळ्या मातीवर पाणी माराल तं लेप होईल. रात्रभर वाळू द्या, सकाळी पोपडे सुटतात. वावरातून बाभळीच्या दोन काड्या आणल्या आहेत मी, टोक करून ठेवल्या. रोहित, सहा वाजता खाली ये. चेनवर मारू नको, तिथं ब्रश लागते.

पूजाताई सी-२०१: काका, गाडी माझी आहे, मी पण येते. ट्यूबही बदलायची आहे.

बोंद्रे काका ए-१०२: ये. टायर-लिव्हर आहेत माझ्याकडे, राजदूतचे.

रोहितची आई: सहाला चहा खाली पाठवते. तीन कप?

निखिल डी-१०३: चार. मी नुसता पाहीन.

सेक्रेटरी काका: माती झाडून कुंड्यांत टाकावी. जिन्यात आणू नये.