लहानपणीची पुस्तकं परत वाचताना तुम्ही कुणाच्या बाजूला गेलात?

माळ्यावरचा

गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं. माळ्यावरच्या खोक्यात ‘श्यामची आई’ सापडली. कोपरे कुरतडलेले, पण पानं शाबूत. रंगारी जेवायला गेले तेव्हा वर्तमानपत्र अंथरून त्यावरच वाचायला बसलो. ते परत आले, मी उठलो नाही.

लहानपणी आईसाठी रडायचो. आमच्या पिढीत ते जवळजवळ सक्तीचंच होतं. या वेळी मी अडकलो वडिलांपाशी. एकेकाळचं खाऊनपिऊन सुखी घर, मग कर्ज, दारात तगादा, आणि बायकोपोरांसमोर खाली गेलेली मान. माझ्या घराचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, म्हणून असेल. अळणी भाजीचा प्रसंग आठवतोय? भाजीत मीठच नाही, पण वडील तसं न दाखवता जेवतात, आणि त्यांचं बघून मुलंही. तेव्हा तो मला शाळेतल्या सुविचारासारखा वाटायचा. आता वाटलं, हातात फारसं काही न उरलेला माणूस निदान एवढं तरी देतोय. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, तेव्हा ते ३३ वर्षांचे. मी ४६. त्या वयात त्यांना वडील इतके कसे कळले होते?

तर मंडळी, तुमचं सांगा. लहानपणी ज्याच्या बाजूने होतात त्याच्याच बाजूने अजून आहात, की पार्टी बदलली?

खडूची_धूळ

मी बदलली, आणि सांगायला लाज वाटते.

‘तोत्तोचान’, जपानमधल्या एका लहान मुलीची आणि तिच्या शाळेची गोष्ट. डी.एड.ला असताना वाचलं होतं (लहानपणी नाही, पण एकोणीस म्हणजे लहानच). आगगाडीच्या डब्यांत भरणारे वर्ग, आणि पहिल्या भेटीत त्या चिमुरडीचं बोलणं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. ठरवून टाकलं, आपण असंच व्हायचं. आता माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत परत वाचलं आणि सुरुवातीलाच मन गेलं ते तिला आधीच्या शाळेतून काढणाऱ्या बाईंकडे. डेस्कचं झाकण सतत उघडमीट करणारी, भर तासाला खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारणारी मुलगी! पुस्तकभर त्या बाईंना कुणी विचारत नाही की बाई, तुमचा दिवस कसा गेला.

मग स्वतःचाच राग आला. पुढे वाचत गेले.

आणखी एक गोष्ट तेव्हा निसटली होती. आधीच्या शाळेने काढून टाकलंय, हे आईने तिला वयाची वीस वर्षं होईपर्यंत कळू दिलं नाही. नवी शाळा बघायला जाऊ या का, एवढंच म्हणाली. आता पालकसभेला मुलाच्या तोंडावर ‘याला काहीच येत नाही’ म्हणणारे आईबाप समोर बसलेले असतात, तेव्हा मला ही आई आठवते. कोबायाशी होणं काही मला जमलेलं नाही. पण मुलांची तक्रार हल्ली मी मुलांना बाहेर पाठवून करते.

अर्धा_चहा

फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा पोरगा सायकल काढतो, कुणालाही न सांगता संकटाच्या तोंडात जातो, वर जिभेने ‘टॉक्’ करतो. आठवीत असताना मला तो व्हायचं होतं. आता पानोपानी एकच विचार: अरे, घरी फोन कर! शिवाय त्याचं गाव फुरसुंगी म्हटलं की आता आधी कचरा डेपो डोळ्यांसमोर येतो, त्याला भागवत तरी काय करणार. वेग मात्र तोच आहे. एका बैठकीत संपलं, चहा गार.

समुद्रापलीकडे

लेक इथल्या शाळेत चौथीत आहे, तिला रोज रात्री ‘द सिक्रेट गार्डन’ वाचून दाखवत होते. माझं लहानपणीचं अत्यंत लाडकं. कुलूपबंद बाग, पुरलेली किल्ली, रॉबिन पक्षी, एवढंच लक्षात होतं. गोष्ट भारतात सुरू होते हे आठवत होतं, पण ती पानं मी भराभर उलटलेली असणार.

या वेळी मोठ्याने वाचायची होती, त्यामुळे पळता आलं नाही. गोष्टीतली छोटी मेरी आपल्या आयाला मारते, डुकराची पोर म्हणते. मग कॉलरा येतो. नोकरांच्या झोपड्यांतून रडणं ऐकू येतं, ते आया गेली म्हणून. गोष्ट पुढे इंग्लंडला जाते आणि आया मागे राहते. तिथे मेरी रागाने सांगते की नेटिव्ह म्हणजे माणसंच नव्हेत, ते सलाम करणारे नोकर. पुस्तक १९११ चं, तेव्हाच्या साहेबी घरातल्या बिघडलेल्या पोरीच्या तोंडी ते शोभतंही. पण दहा वर्षांच्या मुलीच्या उशाशी बसून ते वाचताना माझा आवाज उतरला.

लेकीने विचारलं, “त्या आयाचं नाव काय होतं?”

पाच पानं मागे जाऊन शोधलं. नाव नाहीच. आया, एवढंच.

बागेचा भाग अजूनही अप्रतिम आहे, तेही सांगते. मातीतून वर आलेले हिरवे कोंब मेरी मोकळे करते तिथे आम्ही दोघी चिडीचूप. पुस्तक टाकून देणार नाही. पण माझी पार्टी बदलली म्हणाल तर हो, त्या झोपडीकडे.

कंटाळा_बहाद्दर

एनिड ब्लायटनचं ‘फेमस फाइव्ह’. त्यातली मुलं सहलीला पितात त्या जिंजर बिअरसाठी अख्खं बालपण झुरलो. ती मिळाली पस्तिशीत, बेंगळुरूला. खोकल्याच्या औषधासारखी लागली. पुस्तकही दहा पानांच्या पुढे गेलं नाही. त्या पाचांतली ॲन प्रत्येक सहलीत भांडी विसळत असते, हे तेव्हा आम्हा मुलांना दिसलंच नव्हतं. बहिणीला दिसलं होतं म्हणे.

पाटावरवंटा

माळ्यावरचा, तुमचं वाचून मीही काल रात्री ती अळणी भाजी काढून वाचली. वडिलांबद्दल म्हणता ते पटलं. पण भाजीत मीठ नाही हे आईला कधी कळतं बघा. सगळ्यांचं जेवण झाल्यावर ती स्वतः जेवायला बसते, तेव्हा.

आमच्याकडेही कालपर्यंत असंच होतं. आज मी पहिल्या पंगतीला बसले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली.